आधी पाकीट, मग कार्ड: नाताळची शुभेच्छापत्रं आणि थोडक्या खर्चातल्या भेटी

नाताळचं शुभेच्छापत्र घरी करायला घेतलं की हात आधी रंगांकडे जातो. चित्र सुरेख उतरतं, घडी नीट बसते आणि मग लक्षात येतं की या मापाचं पाकीट दुकानात मिळतच नाही. मोठं पाकीट घेतलं तर कार्ड आत ढिलं हलतं, लहान घेतलं तर कोपरे दुमडून कोंबावं लागतं. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांनी हे काम उलट्या बाजूने सुरू करावं: आधी पाकीट, मग कागद आणि चित्र सगळ्यात शेवटी. भेटींचंही तसंच आहे. आधी बरणी हातात घ्या, मग तिच्यात काय भरायचं ते ठरवा.

शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी टपालातून झाला. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि लोक भराभर पत्रं लिहू लागले. लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळात इतक्या जणांना हाताने लिहिणं जमेना. तेव्हा १८४३ साली त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. एका प्रतीची किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. पत्र पाठवायला जे पडायचं त्याच्या बारापट! आज घरी केलेल्या कार्डाचा कागद तिकिटाच्या आसपासच्या पैशांत बसवता येतो. त्यासाठी माप आणि वजन मात्र आधीच धरून चालावं लागतं.

यादी आणि तारखा

कागद आणायच्या आधी यादी करा. तीन रकाने पुरतात: पोस्टाने जाणारी कार्डं, हातोहात द्यायची कार्डं आणि भेटीसोबत जाणारी कार्डं. तिसऱ्या रकान्यातल्या कार्डांना पाकीटच लागत नाही. हे आधी कळलं तर तेवढं काम तिथेच वाचतं. एकूण आकड्यावर दहाला एक या हिशेबाने जास्तीची कार्डं धरा. एखादं लिहिताना चुकतं, एखादा माणूस ऐनवेळी आठवतो.

परदेशी जाणारी कार्डं नोव्हेंबर संपायच्या आत टाका. महाराष्ट्राबाहेरची १० डिसेंबरपर्यंत आणि पुण्यातली व आसपासची १५ डिसेंबरपर्यंत पेटीत पडली की निर्धास्त राहता येतं. याचा अर्थ कागद नोव्हेंबरच्या मध्यालाच घरात हवा. उशीर झालाच तर कार्ड टाकून देऊ नका. नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनाला आले त्या सणापर्यंत चालतो. २८ तारखेला पोचलेलं कार्डही वेळेतच पोचलं असं समजावं. फक्त त्यात 'नववर्षाच्या' हा शब्द असू द्या.

माप: सगळं इथे ठरतं

नवख्यांसाठी एकच माप सांगू: ए-५ चा तुकडा, म्हणजे २१० × १४८ मिलिमीटर, मधोमध दुमडून ए-६ चं कार्ड, म्हणजे १०५ × १४८. याला सी-६ मापाचं पाकीट लागतं (११४ × १६२ मिलिमीटर) आणि ते स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतं. पाकीट विकत आणणार असाल तर दुकानात जाताना मापाचा एक कोरा तुकडा दुमडून सोबत न्या आणि तो पाकिटात घालून बघा. दुकानदार 'ग्रीटिंगचं पाकीट' म्हणून जे देतो ते दर वेळी याच मापाचं असेल असं नाही.

चौरस कार्ड दिसायला छान असतं. पण त्याचं पाकीट शोधण्यात वेळ जातो आणि कापताना कागदही वाया जातो. पहिल्या वर्षी ते राहू द्या.

पाकीट घरी करणं मुळीच अवघड नाही. ए-४ च्या साध्या, जरा जाड कागदातून (९० ते १०० जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) २१ सेंटिमीटरचा चौरस कापा. तो समोर असा ठेवा की एक कोपरा तुमच्याकडे येईल, म्हणजे पतंगासारखा. तयार कार्ड बरोबर मधोमध आडवं ठेवा. आधी डावा आणि उजवा कोपरा कार्डावर दुमडा. ते एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये दोनेक सेंटिमीटरची फट राहते. ती चूक नव्हे. मग खालचा कोपरा वर दुमडा. तो फट झाकतो. त्याच्या दोन तिरक्या कडांना आतून गोंदकांडी फिरवा आणि चिकटवा. कार्ड काढून घ्या आणि वरचा कोपरा मोकळा ठेवा. दुमडताना कार्डाच्या चारी बाजूंनी चार-पाच मिलिमीटर मोकळीक ठेवायला विसरू नका. अगदी कडेला घट्ट घडी घातली तर कार्ड आत जाताना पाकीट कोपऱ्यात फाटतं. पाकिटाला द्रव गोंद वापरू नका. ओल्याने पातळ कागद सुरकुततो, आणि जास्त झालेला गोंद आत झिरपून कार्डच पाकिटाला चिकटतं.

कागद

कार्डाला २५० जीएसएमचा कागद घ्या. २०० च्या खाली कार्ड उभं राहत नाही, कलतं. ३०० च्या वर घडी फुटते आणि वजनही वाढतं. मोठं कार्डशीट २२ × २८ इंचांचं मिळतं. त्यातून आपल्या मापाचे नऊ तुकडे निघतात आणि शिवाय एक लांब पट्टी उरते. ती पट्टी टाकू नका, भेटींवर बांधायच्या चिठ्ठ्या तिच्यातून होतात. म्हणजे तीस कार्डांना चार शीटं. दुकानात कापून मिळत असतील तर तिथेच कापून घ्या. घरच्या कात्रीने नऊ तुकड्यांच्या कडा सरळ येत नाहीत, आणि वाकडी कड घडी घातल्यावर दुप्पट वाकडी दिसते.

पुण्यात कागदासाठी अप्पा बळवंत चौक आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या पुरेशा आहेत. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवार गाठा. हातकागद हवा असेल तर शिवाजीनगरची हातकागद संस्था आहे. १९४० पासून ती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करते. हातकागदाचा पोत इतका देखणा असतो की त्यावर फार काही काढावं लागत नाही. एक छोटा तारा आणि खाली एक ओळ पुरते. मात्र आधी मागच्या बाजूला शाई लावून बघा. काही हातकागदांवर जेलपेनची शाई फुटते आणि अक्षरांना मिशा येतात. तिथे साधं बॉलपेन बरं. याउलट गुळगुळीत आर्ट पेपरवर जेलपेन लवकर वाळत नाही आणि हात फिरला की सगळं फासतं.

फुकटचा चांगला कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. जाड असतात, आतली बाजू पुष्कळदा कोरी असते आणि सोनेरी नक्षी आयती मिळते. देवाची चित्रं असलेला भाग आधी बाजूला काढून ठेवा. तो कापाकापीत जाऊ नये, आणि दुसऱ्याच्या सणाच्या कार्डाच्या मागे तो येणंही बरोबर दिसत नाही.

घडी

हाताने केलेलं कार्ड कशावरून ओळखू येतं, तर घडीवरून. जाड कागद नुसता हाताने दुमडला की घडीवर भेगा पडतात, आतला पांढरा भाग दिसतो आणि दोन्ही कडा जुळत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे दुमडण्याआधी दाबून रेघ ओढणं. छापखान्यात त्याला क्रीझिंग म्हणतात. घरी त्यासाठी वाळलेल्या बॉलपेनची रिकामी रिफील पुरते.

१. कागदाच्या तंतूंची दिशा बघा. तुकडा हातात धरून एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत हलकेच वाकवा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या रेषेला समांतर तंतू असतात, आणि घडीची रेघ त्यांच्याच दिशेने हवी. आडवी गेली की भेगा पडतात. म्हणून मोठं शीट कापण्याआधीच ही परीक्षा करा.

२. दहा-बारा वर्तमानपत्रांची गादी करून तिच्यावर तुकडा ठेवा. वरच्या आणि खालच्या कडेला १०५ मिलिमीटरवर बारीक खूण करा.

३. दोन्ही खुणांना स्टीलची पट्टी लावा आणि रिकाम्या रिफीलने एकदा हलकी, एकदा दाबून रेघ ओढा. कागद फाटता कामा नये, त्यात नाली पडली पाहिजे.

४. आता नाली ज्या बाजूला आहे ती बाजू बाहेर ठेवून दुमडा. बहुतेक जण इथे उलट करतात, कारण नालीकडे दुमडणं हाताला सोपं वाटतं. नालीच्या पाठीमागे जो उंचवटा येतो तो घडीच्या आत गेला पाहिजे. तरच बाहेरच्या तंतूंवर ताण येत नाही.

५. घडीवरून स्वच्छ चमच्याची पाठ फिरवा आणि कार्डं रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा.

या पाच गोष्टी केल्या तर कोरं कार्डसुद्धा विकतच्यासारखं दिसतं. केल्या नाहीत तर उत्तम चित्रही वाया जातं.

चित्र: भेंडीचा तारा

चित्रकला येत नसली तरी अडत नाही. मंडईतून पाव किलो जून भेंडी आणा. कोवळी नको, ती मऊ असते आणि दाबली की चेपते. धारा उठून दिसणारी, पाच शिरांची भेंडी निवडा. देठाच्या बाजूने साधारण दोन सेंटिमीटर सोडून धारदार सुरीने एका झटक्यात आडवी कापा. सुरी पुढेमागे घासली तर काप ओबडधोबड येतो आणि ठशात पांढरे डाग राहतात. कापलेल्या तोंडाला लगेच चिकट पाणी सुटतं. नवख्यांचा पहिला ठसा फिसकटतो तो याच चिकट पाण्यामुळे. कापलेली भेंडी दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवा, मग जुन्या सुती कापडावर टिपून घ्या. आता तोंडावर बोट फिरवलं तर कोरडं लागेल आणि कडेचे पाच कोन, आतले पाच कप्पे स्पष्ट दिसतील. तोच आपला तारा.

पोस्टर कलर साईच्या दह्याइतका घट्ट हवा. त्यात पाणी घालायचा मोह आवरा. ताटलीत ओलसर स्पंजचा तुकडा ठेवून रंग त्याच्यावर पसरा आणि भेंडी त्या स्पंजवर टेकवा. थेट रंगात बुडवली तर आतले कप्पे भरतात आणि ताऱ्याऐवजी गोळा उमटतो. पहिले दोन ठसे रद्दीवर मारा, तिसरा कार्डावर. सरळ खाली दाबा, फिरवू नका आणि सरळच उचला. दहा-बारा ठशांनंतर तोंड मऊ पडतं. तेव्हा पातळ चकती कापून टाका, पुन्हा टिपा आणि पुढे चला.

गडद निळ्या कार्डावर पांढरे तारे किंवा खाकी कागदावर तांबडे तारे फार खुलतात. सगळं कार्ड भरून टाकू नका. वरच्या कोपऱ्यात एक मोठा तारा आणि त्याच्याकडे निघालेले तीन लहान ठिपके, एवढ्यात ज्ञानी लोकांची सगळी वाट येते. वाळायला अर्धा तास द्या, पण कार्डं एकावर एक रचायची ती दुसऱ्या दिवशीच. वरून कोरडा दिसणारा जाड थर आतून ओला असतो आणि वरच्या कार्डाच्या पाठीला लागतो.

चमकी शक्यतो टाळा. ती पाकिटात सुटते, घेणाऱ्याच्या घरभर होते आणि तिच्यावर पेन चालत नाही. मणी, घुंगरू, जाड टिकल्या पोस्टाने जाणाऱ्या कार्डावर नकोतच. शिक्का मारताना त्या फुटतात किंवा पाकीट आतून फाडतात.

बर्फ आणि सूचिपर्णी झाडंच काढली पाहिजेत असं कुठे आहे? पुण्याच्या कार्डावर पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाचा, म्हणजे तिथल्या चर्चचा, उंच घंटामनोरा काळ्या शाईच्या आठ-दहा रेघांत येतो आणि ओळखणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो. गव्हाणी, मेंढपाळ, ठिपक्यांच्या रांगोळीतली चांदणी हेही आपलंच आहे.

छापून घ्यायचं असेल तर डिजिटल प्रिंटवाल्याकडे १३ × १९ इंची शीटवर आपली चार कार्डं बसतात, म्हणून चारच्या पटीत मागणी द्या. मजकूर पीडीएफ करून द्या. नुसती फाईल दिली आणि त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला तर जोडाक्षरं सुटी होतात आणि 'ख्रिस्त'चं काहीतरी भलतंच छापलं जातं. चारशे प्रती होण्याआधी एक प्रत डोळ्यांनी वाचा.

आतला मजकूर

शुद्धलेखनाच्या तीन चुका दर वर्षी दिसतात. 'हार्दिक' मधला 'दि' ऱ्हस्व आहे. 'शुभेच्छा' मध्ये च आणि छ दोन्ही आहेत, 'शुभेछा' किंवा 'शुभेच्छ्या' नाही. आणि 'नववर्ष' हा एकच शब्द आहे. नेहमीची ओळ अशी: 'नाताळच्या व नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा!' 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि मराठी ख्रिस्ती घरांत तोच रुळलेला आहे. 'ख्रिसमस' लिहिलंत तरी कोणी हरकत घेणार नाही. ख्रिस्ती कुटुंबाला लिहिताना 'ख्रिस्तजन्मोत्सवाच्या शुभेच्छा' असंही लिहितात. वचन घालायचं असेल तर लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातलं १४ वं बहुतेकांना प्रिय असतं. ते आठवणीतून न लिहिता पुस्तक उघडून अक्षर न् अक्षर उतरवा.

छापील ओळीखाली हाताने लिहिलेली दोन वाक्यं हवीत आणि ती त्या माणसापुरतीच हवीत. 'आपणास सुख, समृद्धी लाभो' हे सगळ्यांना चालतं, म्हणून कोणालाच लक्षात राहत नाही. त्याऐवजी 'काकू, गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून बरं वाटलं. जानेवारीत येतो, तेव्हा जिना उतरून खाली फिरायला जाऊ' हे लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात, पण ते कार्ड वर्षभर कपाटावर उभं राहतं. वडीलधाऱ्यांना 'तुम्ही', सोबत 'काका', 'मावशी' जे नातं तोंडात असेल ते. चर्चमधल्या मंडळींना फादर, सिस्टर, पास्टर किंवा रेव्हरंड, ज्यांना जे लागू ते. शंका असेल तर त्यांच्याच घरच्यांना आधी विचारा.

ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल तिथे रंगीत, चमचमतं कार्ड पाठवू नये. साध्या पांढऱ्या कार्डावर एक तारा आणि 'या नाताळात तुमची फार आठवण येते आहे' एवढंच लिहा. कार्ड मात्र जरूर पाठवा. अशा घरी त्या वर्षी कार्डं कमी येतात, कारण काय लिहावं हे लोकांना सुचत नाही.

पोस्टात टाकताना

साध्या पाकिटाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५ रुपये, हा दर बरीच वर्षं चालत आला आहे. तरी त्या वर्षीचा दर खिडकीवर विचारून घ्या. आता माप आधी का ठरवायचं ते बघा. २५० जीएसएमचा आपला तुकडा पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतो, घरचं पाकीट साडेचार ग्रॅमचं. एकूण सव्वाबारा. म्हणजे आत एक लहान फोटोही मावतो. तेच कार्ड ३०० जीएसएमच्या आख्ख्या ए-४ चं केलं तर नुसता कागदच १८ ग्रॅमच्या वर जातो, पाकीट घातलं की २० ओलांडतं आणि प्रत्येक कार्डामागे तिकिटाचे पैसे दुप्पट होतात. तिकीट कमी पडलं तर पत्र 'बेअरिंग' होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल केले जातात. शुभेच्छा पाठवून समोरच्याला दंड भरायला लावणं फार वाईट दिसतं. तयार झालेलं पहिलं कार्ड पाकिटासकट लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टात किंवा कॅम्पातल्या जीपीओत वजन करून बघा, मग बाकीची करा.

तिकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात लावा. त्याच्या मागचा डिंक पुष्कळदा कच्चा असतो, वरून थोडी गोंदकांडी फिरवा, पण तिकिटावर सेलोटेप लावू नका. पत्ता पाकिटाच्या उजव्या अर्ध्यात येऊ द्या आणि पिनकोडचे सहाही आकडे लिहा: कॅम्पला ४११००१, सदाशिव पेठेला ४११०३०, डेक्कनला ४११००४. मोठ्या सोसायट्यांत विंग आणि फ्लॅट नंबर नसला तर पत्र फाटकावरच पडून राहतं. गडद पाकिटावर पत्ता थेट न लिहिता पांढरी चिठ्ठी चिकटवून तिच्यावर लिहा. पाठवणाऱ्याचा पत्ता पाठीमागे.

भेटी: आधी बरणी

थोडक्या पैशांतल्या भेटीत सगळ्यात जास्त पैसे खातं ते पॅकिंग. साठ रुपयांच्या वस्तूला चाळीस रुपयांची पेटी आणि रिबीन लावण्यात काही अर्थ नाही. जॅम, कॉफी, मधाच्या रिकाम्या बाटल्या ऑक्टोबरपासूनच साठवायला लागा. लेबल काढायला बाटली तासभर कोमट पाण्यात बुडवून ठेवा. चिकटपणा उरला तर त्यावर खायचं तेल आणि खायचा सोडा समप्रमाणात चोळा, दहा मिनिटांनी धुवा. झाकणाला लोणच्याचा वास असेल तर दोन दिवस उन्हात ठेवा. तरीही वास राहिला तर ती बाटली गोडासाठी नको. नव्या बरण्या, कागदी पिशव्या, डबे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत डझनाच्या भावाने मिळतात. पाच-सहाच लागत असतील तर शेजारणीबरोबर मिळून डझन घ्या.

डिसेंबरच्या थंडीत बहुतेकांना उपयोगी पडणारी भेट म्हणजे चहाचा मसाला. सुंठ पूड ५० ग्रॅम, वेलदोडे २० ग्रॅम, काळी मिरी १० ग्रॅम, दालचिनी १० ग्रॅम, लवंग ५ ग्रॅम आणि अर्धं जायफळ किसून. सुंठ आणि जायफळ सोडून बाकीचं मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत परता. रंग बदलला की तेल उडून जातं. पूर्ण गार झाल्यावर दळा आणि सुंठ, जायफळ मिसळून बारीक चाळणीने चाळा. यात २५ ग्रॅमच्या तीन-चार बाटल्या होतात. गरम असताना दळला तर मसाला भांड्याला चिकटतो आणि बाटलीत गुठळ्या होतात. चिठ्ठीवर 'दोन कपांना पाव चमचा' हे लिहायला विसरू नका, नाहीतर पहिलाच चहा जाळ होईल.

फराळ द्यायचा तर शंकरपाळी. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, लाडू असतातच, गोव्याकडच्या आणि मंगळूरच्या घरांत कुलकुल आणि न्यूऱ्या. त्यामुळे शंकरपाळीचा डबा कुठेही परका वाटत नाही. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप एकत्र करून साखर विरघळेपर्यंतच गरम करा, उकळू नका. कोमट झालं की चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा घाला, साडेचार ते पाच वाट्या लागतो. अर्धा तास झाकून ठेवा, जाडसर पोळी लाटा आणि कापा. चांदणीचा लहान साचा असेल तर चांदण्या पाडा, पण कडेचा चुरा पुन:पुन्हा मळू नका. तिसऱ्या लाटणीची शंकरपाळी दगड होते.

आधी एकच तुकडा तळून बघा. तेलात विरघळून सुटला तर तूप जास्त झालं, पिठात दोन चमचे मैदा आणखी मळा. वरून लाल आणि आतून कच्चा राहिला तर तेल फार तापलं आहे, गॅस कमी करा. आच मध्यमाहून कमी हवी आणि घाई नको. दीडशे मिलिलिटरची वाटी धरली तर पाऊण किलोच्या आसपास होतात, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या पाच पुड्या. तळल्यावर ताटात पसरून पूर्ण गार करा आणि दुसऱ्या दिवशी भरा. कोमट भरल्या की वाफ धरते आणि कुरकुरीतपणा जातो. बिघडलेल्या डब्यांत बहुतेकदा हेच झालेलं असतं, पाककृतीची चूक क्वचितच असते. बरणीवर केल्याची तारीख लिहा. केक देणार असाल तर त्यात अंडं किंवा रम आहे की नाही हेही लिहा. शेजाऱ्यांना ते विचारायला संकोच वाटतो.

झाड द्यायचं मनात असेल तर मनीप्लँटच्या फांद्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बाटलीत लावा. प्रत्येक फांदीला दोन-तीन पेरं हवीत, त्यातलं एक पाण्याखाली. पुण्यात डिसेंबरमध्ये रात्री गारठा वाढला की मुळं फार सावकाश फुटतात. १० डिसेंबरला लावलेली फांदी २४ ला काठीच असते. पाणी चार दिवसांनी बदला.

नव्या वर्षाची दिनदर्शिका ही जुनी आणि खरोखर वापरली जाणारी भेट. तिच्यात त्या घरातले वाढदिवस लाल पेनने आधीच मांडून दिलेत तर तिची किंमत चौपट होते. गुंडाळून द्या, दुमडू नका.

ऑफिसात किंवा सोसायटीत चिठ्ठ्या टाकून भेटी द्यायच्या असतील तर रकमेची वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा ठरवा, समजा १०० ते १५०. फक्त वरची ठरवली तर एकाला दीडशेचं मिळतं आणि दुसऱ्याला वीसचं, आणि सगळ्यांसमोर उघडताना ते फार लागतं. स्वतःच्याच नावाची चिठ्ठी निघाली तर सगळ्यांनी परत टाकून पुन्हा उचलायच्या. घरकामाच्या मावशी, वॉचमनकाका, कचरा नेणारे यांना वस्तूपेक्षा पाकिटात घातलेले पैसे आणि सोबत फराळाची पुडी द्या. घरातली नको असलेली वस्तू भेट म्हणून त्यांच्या हातात देऊ नये.

भेट पोचवायला २४ ची संध्याकाळ टाळा. त्या रात्री चर्चला जायची गडबड असते, आणि कॅम्पात एम. जी. रोडच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही. २२ किंवा २३ बरी, नाहीतर सरळ २६. फराळ स्वतःच्या स्टीलच्या डब्यात घालून नेऊ नका. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि सणाच्या धांदलीत त्या घरच्या बाईंना आपल्या डब्यात घालायला काहीतरी करत बसावं लागतं. खाकी कागदाची पिशवी घ्या, आतून बटर पेपर लावा म्हणजे तुपाचे डाग बाहेर येणार नाहीत, तोंड दोनदा दुमडून सुतळीने बांधा आणि कार्डशीटच्या उरलेल्या पट्टीतली चिठ्ठी त्या गाठीत अडकवा.